न परतलेला माणूस : फादर थॉमस स्टीफन्स



घर सोडून राहणं म्हणजे काय हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. मेसची आमटी, सबमिशनच्या रात्री आणि घरून फोन आला की जरा जड होणारा आवाज. तरी आपलं बरं आहे. शनिवारी बदलापूरहून लोकल पकडता येते, आणि लांबचे असलो तर दिवाळीचं तिकीट आधीच काढून ठेवता येतं. आज ज्यांच्याविषयी लिहितेय ते वयाच्या तिशीत जहाजात बसून गोव्याला आले आणि पुढची चाळीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, घरी गेलेच नाहीत. ते इंग्रज होते, धर्मोपदेशक होते आणि त्यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचं पुराण लिहिलं. त्यांचं नाव फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात झाला. वडील व्यापारी होते. त्या काळात इंग्लंडच्या गादीवर राणी एलिझाबेथ होती आणि देशाचा धर्म प्रोटेस्टंट झाला होता. कॅथलिक राहणाऱ्यांना दंड आणि तुरुंग ठरलेला. स्टीफन्स यांचा जिवाभावाचा मित्र थॉमस पाउंड याच कारणाने पकडला गेला आणि त्याने आयुष्यातली बरीच वर्षं तुरुंगात काढली. स्टीफन्स मात्र रोमला पोचले आणि १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाले. तिथून त्यांनी भारतात जायचं ठरवलं.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजं निघाली. गोव्याला पोचायला २४ ऑक्टोबर उजाडला. साडेसहा महिने! पोचल्यावर सतरा दिवसांतच त्यांनी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलं. ते पत्र पुढे हॅक्लुइटच्या प्रसिद्ध प्रवाससंग्रहात छापलं गेलं, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतं. हिरड्या सुजायच्या, पाय सुजायचे, असा रोग जहाजावर पसरला. आज आपण त्याला स्कर्व्ही म्हणतो आणि तो क जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो हे आपल्याला माहीत आहे. दीडशेच्या वर माणसं आजारी पडली आणि सत्तावीस दगावली, असं ते वडिलांना कळवतात.

या पत्रातली एक गोष्ट तर खास इंजिनीअरिंगच्या पोरांसाठीच आहे. सूर्याची आणि ताऱ्यांची उंची मोजून जहाज किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते खलाशी काढू शकत होते. पण पूर्व-पश्चिम अंतर मोजायला आकाशात एकही स्थिर खूण नाही, ही अडचण स्टीफन्स यांनी नीट पकडली आणि वडिलांना समजावून सांगितली. त्याचा फटकाही त्यांना बसला. भारत जवळ आला असं वाटत असताना प्रत्यक्षात जहाज प्रवाहाने ओढलं जाऊन तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, सोकोत्रा बेटाजवळ पोचलं होतं. हा प्रश्न सुटायला जॉन हॅरिसनचं समुद्रावर चालणारं अचूक घड्याळ यावं लागलं, आणि ते आलं अठराव्या शतकात. आपण मोबाईलवर निळा ठिपका बघतो तेव्हा यातलं काहीच डोक्यात येत नाही.

गोव्यात त्यांची नेमणूक झाली साष्टीत. ही ठाण्याजवळची आपली साष्टी नव्हे, दक्षिण गोव्यातला मडगाव-राशोलचा भाग. तिथे रोजचं काम म्हणजे प्रार्थना, मुलांना धर्माची शिकवण, लग्नं लावणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं, मयताला माती देणं. यातलं एकही काम इंग्रजीत होण्यासारखं नव्हतं. सरकारी भाषा पोर्तुगीज, चर्चची लॅटिन, घरात आणि बाजारात कोकणी आणि पुराण-पोथीची मराठी. तिशी उलटलेला हा माणूस या सगळ्या भाषा शिकला. १५८३ साली भावाला पाठवलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतबद्दल हेच कलकत्त्यात जाहीरपणे मांडलं ते १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी.

त्याच १५८३ सालाच्या अखेरीस चार इंग्रजांना होर्मुझला पकडून गोव्याच्या तुरुंगात आणलं. त्यात राल्फ फिच आणि जॉन न्यूबेरी हे व्यापारी होते. पोर्तुगीजांना ते हेर वाटत होते. त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. हे कैदी आपल्या मायदेशाचे, पण आपल्याला नकोसं करणाऱ्या राणीची प्रजा. तरी ते धावले. फिच पुढे निसटून भारतभर फिरला आणि १५९१ मध्ये लंडनला परतला. स्टीफन्स यांना तो रस्ताच नव्हता. १५८५ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला, की परदेशात दीक्षा घेतलेला कॅथलिक पाद्री देशात आला तर तो राजद्रोह, आणि त्याची शिक्षा मृत्यू.

परत जायचं दारच बंद होणं म्हणजे काय, हे आपल्या परिसराला कळतं. उल्हासनगर वसलं तेच फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांमुळे. १९४९ मध्ये कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. ज्या आजी-आजोबांचं सिंधमधलं घर कायमचं सुटलं, त्यांची नातवंडं आज आपल्या वर्गात फर्डी मराठी बोलतात. फरक एवढाच, की ती माणसं नाइलाजाने आली आणि स्टीफन्स स्वतःहून आले, तेही राज्यकर्त्यांच्या बाजूने.

ही बाजू झाकून चालणार नाही. साष्टीत पोर्तुगीजांनी देवळं पाडली होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचं न्यायालय होतं. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी संतापून पाच जेझुइटांना मारलं आणि नंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना ठार केलं. धर्मांतर केलेल्यांना जुन्या पोथ्या वाचायला बंदी होती. तेव्हा लोकांनी विचारलं, की आमची पुराणं काढून घेतलीत, मग त्या जागी आम्हाला दुसरं काही तरी द्या. ही मागणी स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथातच नोंदवली आहे. जे हिरावलं गेलं त्याची पोकळी त्यांना दिसली, आणि ती भरायला त्यांनी पोर्तुगीज नाही, लॅटिन नाही, मराठी ओवी निवडली.

'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापून झालं. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासूनच्या कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. स्वर्गाला वैकुंठ म्हणणारं हे पुराण ऐकताना गावकऱ्याला परकं वाटलं नसणार. सामान्य माणसाला कळावं म्हणून त्यांनी अवघड मराठी शब्दांऐवजी जागोजागी कोकणी शब्द घातले. त्यातला मराठीच्या थोरवीचा भाग आजही आवडीने वाचला जातो.

पण एक इच्छा राहून गेली. पुराण इथल्याच लिपीत छापावं असं त्यांना वाटत होतं. अडचण खिळ्यांची होती. काना, मात्रा, जोडाक्षरं धरून सहाशेच्या आसपास आकार लागत होते. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून परवानगी मागितली, आणि हे सहाशे आकार दोनशेवर आणता येतील असंही सांगितलं. शुद्ध ऑप्टिमायझेशन! आज आपल्या कीबोर्डवर मोजक्या खुणा जोडून हवं ते जोडाक्षर उमटतं, त्यामागचा विचार याच जातीचा. ते काम झालं नाही. पुराण रोमन अक्षरांत छापलं गेलं. देवनागरी खिळ्यांचं मराठी व्याकरण विल्यम केरींनी श्रीरामपूरला छापलं ते थेट १८०५ मध्ये.

स्टीफन्स १६१९ साली गोव्यातच वारले. त्यांची प्रश्नोत्तरांची 'दौत्रिना' १६२२ मध्ये आणि कोकणीचं व्याकरण १६४० मध्ये निघालं. दोन्ही पुस्तकं त्यांनी छापलेली पाहिली नाहीत. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा वापरण्यावरच बंदीचं फर्मान काढलं. पहिल्या छपाईची एकही प्रत आज सापडत नाही. तरी लोकांनी हाताने नकला करून ठेवल्या, गोवा सोडून गेलेल्या कुटुंबांनी त्या मंगळूरपर्यंत नेल्या. तिथे १९०७ साली सालढाणा यांनी हस्तलिखितं जुळवून ग्रंथ पुन्हा छापला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून तो देवनागरीत आणला. स्टीफन्स यांनी मागितलेली लिपी त्यांच्या पुराणाला छापून मिळाली ती ३४० वर्षांनी.

आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना 'एकोणसाठ' ऐकलं की मनात आधी फिफ्टी-नाईन म्हणावं लागतं. काहींच्या घरी मराठी नाहीच, कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या मल्याळम. म्हणून मासिकाच्या या मराठी विभागासाठी लेख मागितला की बरेच जण हात वर करत नाहीत. स्टीफन्स यांच्या घरीही मराठी नव्हती. तिशीनंतर त्यांनी मुळाक्षरांपासून सुरुवात केली, आणि पुराण छापून आलं तेव्हा ते सदुसष्टीच्या घरात होते. पुढच्या अंकाच्या लेखांसाठी आपल्या हातात अजून अख्खं एक सेमिस्टर आहे.