हात पोचेल तिथेच पाना : फ्रँक गिलब्रेथ



'थर्ब्लिग' हा शब्द ऐकला की आपल्याला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची व्हायवा आठवते. सतरा-अठरा हालचालींची नावं, त्यांची चित्रविचित्र चिन्हं आणि रात्री दोन वाजता केलेलं पाठांतर! पण हा शब्द म्हणजे एका माणसाचं आडनाव आहे, हे किती जणांना माहीत आहे? गिलब्रेथचं इंग्रजी स्पेलिंग शेवटाकडून वाचा, जवळजवळ थर्ब्लिग होतं. काम करणाऱ्याला साधन शोधावं लागू नये, ते त्याच्या हाताशी असावं, या साध्या वाटणाऱ्या गोष्टीमागे या माणसाने आयुष्य घालवलं.

फ्रँक गिलब्रेथचा जन्म ७ जुलै १८६८ रोजी अमेरिकेतल्या मेन राज्यात फेअरफील्ड या गावी झाला. तो तीन वर्षांचा असतानाच वडील वारले. पुढे आई मुलांना घेऊन बोस्टनला आली. फ्रँक हुशार होता, एमआयटीची प्रवेश परीक्षा पास झाला होता. आपल्याकडे अशा वेळी गल्लीभर पेढे वाटतात! पण त्याने प्रवेश घेतला नाही. १८८५ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, तो एका कंत्राटदाराकडे गवंडीकाम शिकू लागला.

तिथे एक गोष्ट त्याच्या लगेच लक्षात आली. प्रत्येक गवंडी वीट वेगळ्या पद्धतीने लावत होता. एवढंच काय, तोच गवंडी घाईत असला की एक पद्धत वापरायचा, निवांत असला की दुसरी आणि नवशिक्याला शिकवताना तिसरीच! मग बरोबर कुठली? गिलब्रेथने हालचाली मोजल्या. एक वीट लावायला १८ हालचाली होत होत्या. विटांचा ढीग पायाशी आणि भिंत छातीशी, त्यामुळे एका विटेसाठी गवंडी दर वेळी आपलं सगळं अंग खाली वाकवून परत वर उचलत होता.

गिलब्रेथने मग विटांची जागाच बदलली. भिंतीबरोबर वर सरकवता येईल अशी परांची बनवली आणि विटा व कालवलेला माल गवंड्याच्या कमरेच्या उंचीला आणून ठेवला. बिगारी आधीच विटा निवडून, चांगली बाजू एका दिशेला येईल अशा लाकडी चौकटीत रचून द्यायचा. गवंड्याने न बघता हात टाकला की हवी तशी वीट हातात! १८ हालचालींच्या ५ झाल्या. तासाला १२० विटा लागायच्या, तिथे ३५० लागू लागल्या.

१८९५ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि १९०४ मध्ये लिलियन मोलरशी लग्न केलं. लिलियनने पुढे मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. दोघांनी मिळून कारखान्यातल्या कामाच्या फिल्म काढल्या. फ्रेममध्ये एक वेगाने फिरणारं घड्याळ ठेवायचे, म्हणजे कोणत्या हालचालीला किती वेळ लागला ते नंतर मोजता येई. कधी कामगाराच्या बोटांना छोटे दिवे बांधून फोटो काढायचे. फोटोत हाताची वाट प्रकाशाच्या रेषेसारखी उमटायची.

यातूनच थर्ब्लिग आले. शोधणे, निवडणे, पकडणे, नेणे, जागेवर धरणे, वापरणे... 'शोधणे'चं चिन्ह म्हणजे एका बाजूला वळलेला डोळा! या सगळ्या यादीत काम खरोखर पुढे नेणाऱ्या हालचाली दोन-तीनच आहेत : जोडणे, सोडवणे आणि वापरणे. गिलब्रेथने ऑपरेशन थिएटरमध्येही फिल्म काढल्या. तेव्हा सर्जन स्वतःच साधनं शोधत. नर्सने हवं ते साधन त्यांच्या हातात द्यावं, या पद्धतीचा त्याने आग्रह धरला.

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेत ठीक आहे, आपल्याकडे काय? म्हणून निफाडचं सांगते. न्यायमूर्ती रानड्यांचं हे जन्मगाव, आता द्राक्षांसाठी प्रसिद्ध. तिथे माझ्या मामाचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की बागांमध्ये फवारणीची धावपळ सुरू होते. त्यात आभाळ आलं, पाऊस झाला की डावणी पसरते. अशा वेळी ब्लोअरचा ट्रॅक्टर एक दिवस जरी उभा राहिला तरी शेतकऱ्याचं वर्षाचं पीक धोक्यात येतं. म्हणून गॅरेजमध्ये सगळेच घाईत. मी कॉन्व्हेंटवाली, मला गोटी म्हणजे खेळायचीच माहीत. इथे गोटी म्हणजे सॉकेट!

दिवाळीच्या सुट्टीत मी तिथल्या हेल्परचं काम बघत बसले होते. तो ट्रॅक्टरखाली पाठीवर झोपलेला. १७ चा पाना हवा म्हणून सरपटत बाहेर यायचा, पत्र्याच्या डब्यात खडखडाट करून शोधायचा, आत जायचा. तो १९ चा निघाला की परत बाहेर. त्याच्या फेऱ्या मोजता मोजता माझ्या दोन्ही हातांची बोटं संपली. कंटाळला की हातातला पाना तोंडावरच्या चॅसीवर ठेवून द्यायचा. तो निसटला तर सरळ डोळ्यावर!

मग मामाला सांगून आम्ही गिलब्रेथची 'आधी मांडून ठेवणे' ही हालचाल करून बघितली. आधी ट्रॅक्टर लाकडी ठोकळ्यांवर पक्का करायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली जायचं नाही, हा मामाचा जुनाच नियम. मग त्या कामाला लागणारेच पाने, गोट्या आणि पक्कड रेक्झिनच्या एका पट्टीवर वापरायच्या क्रमाने मांडायचे. पट्टी उजव्या बाजूला, कमरेपासून खांद्यापर्यंत. कारण पाठीवर झोपल्यावर कोपर जमिनीला टेकतं आणि हात तेवढ्याच पट्ट्यात सहज फिरतो. डोक्यामागचं किंवा पायाजवळचं धड दिसतही नाही. काढलेल्या नट-बोल्टसाठी डाव्या हाताला स्टीलची ताटली. वापरलेला पाना परत त्याच जागी. डब्यात चाचपून साइज कळत नाही, पण पट्टीवर तिसरा म्हणजे १७, हे हाताला पाठ होतं. शेवटी एखादी जागा रिकामी दिसली की पाना गाडीतच राहिला हेही समजतं. विमानांच्या दुरुस्तीत याच कारणासाठी प्रत्येक साधनाच्या आकाराचे खाचे केलेल्या पेट्या वापरतात. हेल्पर पहिल्या दिवशी हसला. दुसऱ्या दिवशी मी उठून जाईपर्यंत त्याने पट्टी अंथरलेली होती.

गिलब्रेथला विरोधही झाला. वाचलेला वेळ मालकाच्या खिशात जाणार, अशी गवंड्यांच्या युनियनला भीती होती आणि ती काही उगाच नव्हती. पण थकवा हा गिलब्रेथ दांपत्याचा खास विषय होता. १९१६ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावलेल्या सैनिकांना काम करता यावं म्हणूनही दोघांनी अभ्यास केला. फ्रँक तसा गमतीदारही होता. वेळ वाचवायला त्याने एकदा दोन वस्तऱ्यांनी दाढी करून पाहिली. वाचलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ गळ्याला पट्टी बांधण्यात गेला, असं त्याच्या मुलांनी नंतर लिहून ठेवलं आहे!

१४ जून १९२४ रोजी स्टेशनवरून लिलियनशी फोनवर बोलत असतानाच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. वय फक्त ५५. मागे ११ मुलं. काही दिवसांतच लिलियन त्याच्या जागी युरोपातल्या परिषदांना गेली. बाई म्हणून काही कंपन्यांनी तिला काम नाकारलं, तेव्हा तिने स्वयंपाकघराचा अभ्यास केला. ओटा, कपाट, भांडी कुठे असली म्हणजे बाईची पायपीट वाचेल, हे तिने मोजून दाखवलं. १९३५ मध्ये ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली.

मित्रांनो, दोन-तीन वर्षांनी आपल्यापैकी बरेच जण शॉप फ्लोअरवर दुसऱ्याच्या कामाचा वेळ मोजत उभे असतील. तेव्हा स्टॉपवॉच सुरू करायच्या आधी तो माणूस कुठे वाकतोय आणि काय शोधतोय, ते बघूया. आणि त्याचा जो वेळ वाचेल, त्यातला थोडा तरी त्याला पाठ टेकायला मिळतोय ना, तेही बघूया.