घड्याळ शिकवणारा माणूस : मोरिट्झ ग्रॉसमान

सेक्रेटरींनी जिन्यात गाठून स्मरणिकेसाठी लेख मागितला. बँकेतल्या माणसाने व्याजदराबद्दल लिहावे अशी लोकांची अपेक्षा असते. पण निवृत्तीनंतर मला नाद लागला तो जुन्या घड्याळांचा, हे आमच्या विंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून घड्याळ बनवण्याइतकाच ते शिकवण्यात जीव घालणाऱ्या एका जर्मन माणसाची गोष्ट सांगतो.

मोरिट्झ ग्रॉसमान यांचा जन्म २७ मार्च १८२६ रोजी ड्रेस्डेन शहरात झाला. वडील टपालखात्यात पत्रे लावण्याच्या कामावर, म्हणजे घरची परिस्थिती बेताचीच. मुलगा घड्याळजीकडे उमेदवारीला लागला. हातात कसब होतेच, पण परकीय भाषा शिकायची हौसही दांडगी होती. पुढे कारागिरांच्या रिवाजाप्रमाणे गावोगावी, देशोदेशी फिरून काम केले. या भाषा पुढे आयुष्यभर कामी आल्या.

आता ग्लासह्यूटे या गावाबद्दल सांगायला हवे, कारण त्याशिवाय ग्रॉसमान कळायचे नाहीत. डोंगरातले हे छोटे गाव एकेकाळी चांदीच्या खाणींवर जगत होते. खाणी आटल्या आणि गावाला दारिद्र्य आले. १८४५ साली आडोल्फ लांगे नावाच्या घड्याळजीने तिथे सॅक्सनी सरकारकडून कर्ज घेऊन १५ शिकाऊ मुलांना हाताशी धरले. आम्ही बँकवाले अशी प्रकरणे पाहतो तेव्हा पहिला प्रश्न तारणाचा येतो. इथे तारण काय, तर घड्याळ कधी न उघडलेली १५ पोरे! माझ्यापुढे फाईल आली असती तर मी सही केली असती का, सांगता येत नाही. पण ती पोरे तयार झाली आणि लांगे यांनी त्यांना स्वतःच्या कार्यशाळा काढायला उत्तेजन दिले. कोणी काटे बनवू लागले, कोणी स्क्रू, कोणी चाके.

लांगे यांच्याच आग्रहावरून १८५४ साली २८ वर्षांचे ग्रॉसमान या गावात आले आणि त्यांनी आपली कार्यशाळा थाटली. खिशातली घड्याळे बनवली, जहाजांवर लागणारी अचूक कालमापकेही बनवली. पण त्याबरोबर मोजमापाची उपकरणे, हत्यारे आणि घड्याळाच्या आतल्या यंत्रणेची मोठ्या आकाराची प्रात्यक्षिक मॉडेल्सही केली. शिकणाऱ्याला भिंगाशिवाय दिसावे म्हणून!

त्यांचे मोठे काम मात्र कागदावरचे. किल्लीच्या घड्याळात टिकटिक होते ती एका छोट्या लिव्हरमुळे. त्याला दोन माणकाचे खडे असतात. ते दातेरी चाकाला अडवतात आणि सोडतात. सुटताना चाकाचा दात लिव्हरला ढकलतो, लिव्हर बॅलन्सला धक्का देतो आणि मग बॅलन्स मोकळा झुलतो. जुन्या खिशातल्या घड्याळांत हे बहुधा सेकंदाला ५ वेळा होते, म्हणजे दिवसाला ४,३२,००० वेळा. खड्याचा कोन जरासा चुकला की घड्याळ मागे पडते किंवा थांबते. हा कोन किती हवा, का हवा, हे कारागीर वडिलांकडून किंवा मालकाकडून अंदाजाने शिकत. ग्रॉसमान यांनी ते भूमितीने मांडून दाखवले. इंग्लंडच्या घड्याळ-संस्थेने ठेवलेल्या स्पर्धेत त्यांच्या निबंधाला पारितोषिक मिळाले आणि १८६६ मध्ये तो ग्रंथ जर्मन, इंग्रजी, फ्रेंच अशा तिन्ही भाषांत निघाला. आपल्याकडे नामांकित चिवडेवाला मसाल्याचे प्रमाण मरेपर्यंत सांगत नाही. यांनी धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांना सगळे उघड करून दिले, तेही त्यांच्याच भाषेत.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. एकेका मालकाकडे राहून मुलाला फार तर तेवढ्या मालकाचे काम येते, म्हणून गणित, रेखाटन आणि हातकाम एकत्र शिकवणारी शाळा हवी, असा त्यांचा ध्यास होता. जर्मन घड्याळजींच्या मध्यवर्ती संघटनेला त्यांनी हे पटवले आणि १ मे १८७८ रोजी ग्लासह्यूटे येथे जर्मन घड्याळ-विद्यालय सुरू झाले.

शाळेचे सुख त्यांना सातच वर्षे लाभले. २३ जानेवारी १८८५ रोजी लाइपझिगमध्ये व्याख्यान दिल्यानंतर त्यांचे अचानक निधन झाले. वय अवघे ५८. कार्यशाळा पुढे चालवणारे कोणी नव्हते, ती गुंडाळली गेली. मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा चटका लावून गेली. तीस वर्षांचा धंदा मालकाबरोबरच संपला.

शाळा मात्र राहिली. तिथेच शिकून तिथेच शिक्षक झालेल्या आल्फ्रेड हेल्विग यांनी १९२० मध्ये फ्लाइंग टूर्बियाँ ही अवघड रचना साकारली. ८ मे १९४५ रोजी, युद्ध संपण्याच्या दिवशी, गावावर बॉम्ब पडले आणि नंतर रशियनांनी कारखान्यांची यंत्रे उचलून नेली. तरी गावात घड्याळे पुन्हा बनू लागली, कारण बनवणारे हात तिथेच होते. शाळेच्या जुन्या इमारतीत २००८ पासून घड्याळांचे संग्रहालय आहे. त्याच वर्षी ग्रॉसमान यांच्या नावाची कंपनीही नव्याने सुरू झाली. त्या घड्याळांच्या किमती विचारू नका, आपल्या पार्किंगमधल्या बऱ्याच गाड्यांपेक्षा जास्त आहेत!

माझ्याकडचे जुने किल्लीचे घड्याळ मात्र सतरा ज्युवेल्सचे, साधेच आहे. त्या सतरांतले दोन खडे म्हणजे वर सांगितलेल्या लिव्हरचे. मागचे झाकण उघडून भिंगातून ते छान दिसतात. सोसायटीतल्या मुलांना पाहायचे असेल तर रविवारी सकाळी दहानंतर या, पण हात स्वच्छ धुऊन.