सती जायला निघालेल्या अहिल्याबाईंनी २८ वर्षं राज्य कसं केलं?

चौंडी गावचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. लहान वयातच मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी लग्न होऊन त्या माळव्यात आल्या.

१७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफगोळा लागून खंडेराव गेले. पतीच्या चितेवर पत्नीने जाळून घ्यायचं, म्हणजे सती जायचं, अशी तेव्हा रूढी होती. अहिल्याबाईही निघाल्या, पण मल्हाररावांनी सुनेला अडवलं. इतकंच नाही, तर राज्याचा कारभारही शिकवला.

ते शिक्षण पुढे कामी आलं. १७६६ मध्ये मल्हारराव वारले आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेरावही गेला. गादी रिकामी पाहून राघोबादादा फौज घेऊन निघाले. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी लढाईची तयारी केली आणि माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. पेशव्यांनी कारभार त्यांच्याच हाती ठेवला. सैन्य तुकोजी होळकरांनी सांभाळलं. प्रजेची गाऱ्हाणी अहिल्याबाई स्वतः ऐकत.

नर्मदाकाठचं महेश्वर ही त्यांची राजधानी. तिथे त्यांनी विणकरांना आश्रय दिला. महेश्वरी साडी आजही तिथे विणली जाते. खासगीतून, म्हणजे सरकारी तिजोरीला हात न लावता, त्यांनी राज्याबाहेरही घाट, विहिरी, धर्मशाळा आणि मंदिरं बांधली. काशी विश्वनाथाचं आजचं मंदिर त्यांनीच उभारलेलं आहे.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचं निधन झालं. चौंडी ज्या जिल्ह्यात आहे, त्याचं नाव आता अहिल्यानगर आहे.