संत गोन्सालो गार्सिया

धाराशिव जिल्ह्यांत आपण ख्रिस्ती जन थोडे. बाजारांत वा कचेरींत कोणी धर्म विचारला, तर आपल्यापैकीं कित्येकांची जीभ क्षणभर अडखळते. म्हणून वसईच्या या संताचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

गोन्सालो यांचा जन्म इ. स. १५५७ च्या सुमारास वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता याच देशाची. तरुणपणीं ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानांत गेले, तेथील भाषा शिकले व पुढें व्यापारांत पडले. तो सोडून मनिला येथें त्यांनीं फ्रान्सिस्कन बंधूचा झगा पत्करला, आणि १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हां जपानांत आले.

तेथील सत्ताधीश हिदेयोशी यानें १५८७ सालींच मिशनऱ्यांस हद्दपारीचा हुकूम सोडला होता. पोर्तुगीज व्यापाऱ्यांस मात्र मोकळीक होती. जुना व्यापारी वेश चढविला असता, तर गोन्सालो निर्धास्त राहते. त्यांनीं झगा उतरविला नाहीं. क्योटो येथें त्यांच्या मंडळीची प्रार्थना उघड, महारोग्यांची सेवाही उघड. येशूसंघीय गाजावाजा न करतां काम करीत. त्यांस आम्ही भित्रे म्हणणार नाहीं, त्यांस आपला कळप सांभाळावयाचा होता.

१५९६ च्या डिसेंबरांत घराभोंवतीं पहारा बसला. पुढें बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली, व ऐन थंडींत त्यांस नागासाकीस नेलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेकडीवर २६ जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं भोसकलें. त्यांत गोन्सालो होते, आणि तीन येशूसंघीयही होते.

८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्या सर्वांस संतपद दिलें. वसईजवळ गास येथील ख्रिस्तमंदिर गोन्सालो यांच्याच नांवानें उभें आहे.