हृदयाचा डॉक्टर आणि मेंदूचं रसायन

कामरगावात तुमच्या घरी किंवा शेजारी बीपीची गोळी घेणारं कुणी ना कुणी असेलच. एक काळ असा होता, की या दुखण्यावर डॉक्टरांकडे धड औषधच नव्हतं. ते चित्र बदलण्यात मुंबईच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. त्यांचं नाव रुस्तम जाल वकील.

१९११ साली मुंबईत पारशी घरात त्यांचा जन्म झाला. वैद्यकीचं शिक्षण त्यांनी लंडनला घेतलं आणि परतून केईएम रुग्णालयात हृदयरोग्यांवर उपचार केले.

आपल्याकडे सर्पगंधेची मुळी शेकडो वर्षांपासून साप चावल्यावर आणि वेड लागल्यावर देत. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिलंही होतं. वकिलांनी या मुळीला डोक्यावर घेतलं नाही, आणि जुनं खूळ म्हणून झटकलंही नाही. त्यांनी ५० रुग्णांना ती दिली, रक्तदाब पुन्हापुन्हा मोजला, नोंदी ठेवल्या. १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांचा लेख आला आणि जगाचं या मुळीकडे लक्ष गेलं.

पुढची गंमत बघा. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं गेलं. रक्तदाब तर उतरायचाच, पण मनोरुग्णही शांत व्हायचे. काही जण मात्र खूप उदास व्हायचे. असं का?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. ही रसायनं पेशींतल्या बारीक पिशव्यांत साठवलेली असतात. रेसरपीन त्या पिशव्या भरूच देत नाही. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपीन दिलं, तर ते निपचित बसले. डोपामिन ज्यापासून बनतं ते एल-डोपा टोचलं, तर थोड्याच वेळात हालू लागले! १९६० मध्ये व्हिएन्नात कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचं सापडलं. कंपवातावर आजही तेच औषध देतात.

१९५७ मध्येच वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी रेसरपीन मनोरुग्णांसाठी वापरणाऱ्या डॉक्टरांनाही तो मिळाला. १९५८ मध्ये ते पद्मभूषण झाले. १९७४ मध्ये ते गेले.

आता रेसरपीन फारसं वापरत नाहीत, आणि तुम्हीही मुळी चघळायला जाऊ नका. पण आजोबांचे हात थरथरत असतील, ताई महिनोन्महिने गप्प असेल आणि कुणी म्हणालं, की हे बाहेरचं आहे, तर वकिलांना आठवा. ऐकलेलं तपासून बघायचं असतं. आजोबांना, ताईला आधी डॉक्टरकडे न्या. एवढं कराल ना?