व्रतस्थ संत फ्रान्सिस झेवियर

दरवर्षी ३ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण साजरा करते. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकेत त्यांचे पवित्र अवशेष जतन केलेले आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत ते दर्शनासाठी ठेवण्यात आले, तेव्हा असंख्य भाविकांनी गोव्याची वाट धरली. त्यांतील कित्येक जण नवस बोलण्यासाठी अथवा फेडण्यासाठी गेले असतील. मात्र ज्या संताकडे आपण आपले नवस घेऊन जातो, त्या संताने देवाला दिलेली स्वतःची वचने कशी पाळली, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नव्हार प्रांतातील झेवियर येथील गढीत, एका उमराव घराण्यात झाला. १५२५ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले. बुद्धी तल्लख, स्वभाव मानी आणि मनात लौकिकाची ओढ. सेंट बार्ब महाविद्यालयात पीटर फेबर आणि पुढे इग्नेशियस लोयोला हे त्यांच्या खोलीत राहावयास आले. इग्नेशियस यांच्या सहवासात त्यांचे मन हळूहळू पालटले.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, सात मित्र पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवरील एका लहानशा चॅपेलमध्ये जमले. त्या सातांत फेबर हे एकटेच धर्मगुरू होते. त्यांनी अर्पण केलेल्या मिस्साबलिदानात सर्वांनी देवाला वचन दिले : दारिद्र्याने राहू, ब्रह्मचर्य पाळू, आणि जेरुसलेमला जाऊन तेथे सेवा करू. जेरुसलेमला जाणे शक्य न झाल्यास पोप महोदयांच्या चरणी जाऊन ते पाठवतील तेथे जाण्याचेही त्यांनी ठरविले होते.

हे वचन पाळण्याची कसोटी लवकरच लागली. हे मित्र व्हेनिसला पोहोचले. २४ जून १५३७ रोजी फ्रान्सिस यांना गुरुदीक्षाही मिळाली. परंतु व्हेनिस आणि तुर्क यांच्यातील युद्धामुळे त्या वर्षी यात्रेकरूंचे जहाज पवित्र भूमीकडे निघालेच नाही. त्यांनी ठरल्याप्रमाणे वाट पाहिली आणि मग रोमला जाऊन स्वतःला पोप तिसरे पॉल यांच्या स्वाधीन केले. जेरुसलेमचे स्वप्न फ्रान्सिस यांना अखेरपर्यंत साकार करता आले नाही. वचनातील दुसरा भाग मात्र त्यांनी पहिल्याइतकाच मनापासून स्वीकारला.

१५४० मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या विनंतीवरून येशूसंघाचे दोन सभासद भारतात पाठवावयाचे होते. निवडलेल्यांपैकी बोबादिया आजारी पडले आणि इग्नेशियस यांनी फ्रान्सिस यांना बोलावले. हाताशी जेमतेम एक दिवस होता. फाटकी वस्त्रे शिवून फ्रान्सिस निघाले. आपल्या गुरुमित्राची पुन्हा कधीही भेट होणार नव्हती. ७ एप्रिल १५४१ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बनचा किनारा सोडला. पोप महोदयांचे प्रतिनिधी असूनही त्यांनी प्रवासात नोकर घेतला नाही. स्वतःचे कपडे स्वतः धुतले आणि रुग्णांची सेवा केली. दारिद्र्याचे व्रत त्यांनी मानाच्या पदावर असतानाही मोडले नाही.

६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. येशूसंघाला पोप महोदयांची मान्यता मिळाल्याचे वृत्त हाती आल्यावर १५४३ च्या अखेरीस गोव्याच्या बिशपांसमोर त्यांनी आपली अंतिम व्रते उच्चारली. व्रतोच्चाराचा तो कागद त्यांनी पेटीत ठेवून दिला नाही. युरोपातून आलेल्या पत्रांमधील मित्रांच्या सह्या कापून, त्या कागदासह एका छोट्या डबीत घालून, ती डबी ते गळ्यात घालीत. मलाक्का असो वा मोलुक्का बेटे, हजारो मैलांवर एकट्याने वावरताना आपण कोणाला बांधलेले आहोत याची खूण त्यांच्या छातीवर असे. १५ ऑगस्ट १५४९ रोजी ते जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले, तेव्हा मोंमार्त्रच्या व्रताला बरोबर पंधरा वर्षे झाली होती.

पुढे चीनची ओढ लागली. मुख्य भूमी समोर दिसत असताना शांगच्वान बेटावर ते तापाने आजारी पडले. त्यांना पलीकडे नेण्याचे कबूल केलेला व्यापारी आलाच नाही. ३ डिसेंबर १५५२ रोजी, आन्तोनियो नावाच्या चिनी ख्रिस्ती तरुणाच्या सोबतीत, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या छातीवरील डबीत व्रताचा कागद, मित्रांच्या सह्या आणि संत थॉमस यांचा अवशेष होता. जून १५५३ मध्ये इग्नेशियस यांनी आज्ञापालनाच्या व्रताची आठवण देऊन त्यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले. ते पत्र वाचण्यास फ्रान्सिस हयात नव्हते. अन्यथा ते परत निघाले असते, याविषयी त्यांचे जीवन पाहणाऱ्याला शंका राहत नाही.

बंधूभगिनींनो, नवसाला बहुधा अट असते. काम झाले तर तो फेडावयाचा असतो. व्रतात मनुष्य स्वतःलाच देवाच्या हाती देतो आणि पुढे काय घडेल हे त्याला ठाऊक नसते. वेदीसमोर विवाहाचे वचन देणाऱ्या वधूवरांना पुढील आजारपण, दारिद्र्य वा अबोला दिसत नाही. गुरुदीक्षा घेणाऱ्या तरुणाला व व्रत घेणाऱ्या धर्मभगिनीला पुढील एकाकी वर्षे दिसत नाहीत. जेरुसलेमचा रस्ता बंद झाला म्हणून फ्रान्सिस यांनी आपले वचन संपले असे मानले नाही. आपल्या ठरविलेल्या वाटा बंद होतात, तेव्हाही देवाला दिलेला शब्द कायम असतो. त्या शब्दाचे दररोज स्मरण करण्याची कृपा या थोर संताच्या मध्यस्थीने आपणा सर्वांना लाभो.