वाइल्डर पेनफील्ड

वाइल्डर ग्रेव्ह्ज पेनफील्ड (२६ जानेवारी, १८९१:स्पोकेन, वॉशिंग्टन, अमेरिका - ५ एप्रिल, १९७६:माँट्रियाल, क्वेबेक, कॅनडा) हे अमेरिकेत जन्मलेले कॅनेडियन मेंदूशल्यविशारद होते. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारावर (मिरगी, फेफरे) शस्त्रक्रिया करण्याची माँट्रियाल पद्धत त्यांनी विकसित केली. लहानपणापासून झटके येणाऱ्या अनेक रुग्णांना तिचा लाभ झाला.

पूर्वायुष्य व शिक्षण

पेनफील्ड यांचे वडील डॉक्टर होते, परंतु त्यांचा व्यवसाय बसल्यावर आई मुलांना घेऊन विस्कॉन्सिनमधील हडसन येथे माहेरी राहू लागली. प्रिन्स्टन विद्यापीठातून १९१३ मध्ये पदवी घेतल्यानंतर ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले. तेथे चार्ल्स शेरिंग्टन व विल्यम ऑस्लर हे गुरू त्यांना लाभले. १९१६ मध्ये इंग्लिश खाडीत ससेक्स या जहाजावर पाणतीराचा हल्ला झाला, त्यात ते जखमी झाले आणि ऑस्लर यांच्या घरी राहून बरे झाले. १९१८ मध्ये त्यांनी जॉन्स हॉपकिन्स येथून वैद्यकीय पदवी मिळवली.

१९२४ मध्ये माद्रिद येथे पीओ देल रीओ ओर्तेगा यांच्याकडे त्यांनी चेतापेशींच्या आधारपेशी रंगवण्याचे तंत्र शिकून घेतले. १९२८ मध्ये ते ब्रेस्लाऊ (सध्याचे व्रोत्सवाफ, पोलंड) येथे ओट्फ्रीड फर्स्टर यांच्याकडे गेले. मेंदूतील जुन्या जखमेचा व्रण हा झटक्यांचा उगम असू शकतो आणि तो कापून काढल्यास झटके थांबू शकतात, हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले.

बहिणीवरील शस्त्रक्रिया

त्याच वर्षी पेनफील्ड माँट्रियालच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात रुजू झाले. थोड्याच महिन्यांत त्यांची थोरली बहीण रूथ त्यांच्याकडे आली. तिला अनेक वर्षांपासून झटके येत होते. तिच्या मेंदूच्या उजव्या ललाटखंडात मोठी गाठ असल्याचे निष्पन्न झाले आणि डिसेंबर १९२८ मध्ये पेनफील्ड यांनी स्वतःच तिच्यावर शस्त्रक्रिया केली. सख्ख्या भावाने असा निर्णय घ्यावा का, हा प्रश्न आजही विचारला जातो. गाठ पूर्णपणे निघाली नाही. रूथ घरी परतली व मुलाबाळांत रमली, पण तिच्या वागण्यात एक सूक्ष्म उणीव राहिली. स्वयंपाकाचे प्रत्येक काम तिला येत असे, मात्र पाहुण्यांसाठीच्या संपूर्ण जेवणाची आखणी जमत नसे. ललाटखंडाच्या कार्याविषयी पेनफील्ड यांनी पुढे १९३५ मध्ये लिहिलेल्या लेखात ही नोंद आली. गाठ पुन्हा वाढून १९३१ मध्ये रूथचे निधन झाले. मेंदूच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था हवी, हा पेनफील्ड यांचा ध्यास या घटनेने बळावला.

माँट्रियाल पद्धत

रॉकफेलर प्रतिष्ठानच्या देणगीतून १९३४ मध्ये माँट्रियाल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६० पर्यंत पेनफील्ड तिचे संचालक होते. तेथे फक्त टाळूला भूल देऊन कवटी उघडली जाई. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नसल्याने रुग्ण जागा राहून बोलू शके. मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युत्प्रवाहाचा स्पर्श करताच हात हलतो की बोलणे थांबते, हे पाहून महत्त्वाच्या जागी क्रमांकाच्या चिठ्ठ्या ठेवल्या जात व त्या वगळून रोगट भाग काढला जाई. अगदी लहान मुलांना असे सहकार्य शक्य नसे, त्यामुळे त्यांना पूर्ण भूल द्यावी लागे. हर्बर्ट जॅस्पर यांच्या मेंदू-विद्युत् आलेखामुळे (ईईजी) झटक्यांचा उगम शोधणे सुकर झाले. याच नोंदींतून शरीराचा मेंदूवरील प्रसिद्ध नकाशा, म्हणजे होमन्क्युलस, तयार झाला.

बालपणातील इजा व मतभेद

शंखखंडातील व्रण बहुधा प्रसूतीच्या वेळी डोके दाबले गेल्याने पडतो, असे मत पेनफील्ड व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये मांडले. हे स्पष्टीकरण पुढे अपुरे ठरले; तान्हेपणी तापात येणाऱ्या दीर्घ आकडीकडे संशोधकांचे लक्ष वळले. शस्त्रक्रियेचा धोकाही उघड झाला. एकाच बाजूचा शंखखंड काढलेल्या दोन रुग्णांची नवे लक्षात ठेवण्याची शक्ती नष्ट झाल्याचे ब्रेंडा मिल्नर यांच्या तपासणीत आढळले. दुसऱ्या बाजूलाही आधीपासून इजा असावी, असा त्या दोघांचा तर्क होता आणि एका रुग्णाच्या मरणोत्तर तपासणीत तो खरा ठरला.

बालपणी डाव्या मेंदूला इजा झाल्यास भाषेचे केंद्र उजवीकडे जाऊ शकते, या निरीक्षणावरून परभाषा लहान वयातच शिकवाव्यात, असा आग्रह पेनफील्ड यांनी धरला.

भारताशी संबंध

जेकब चांडी यांनी माँट्रियाल येथे पेनफील्ड यांच्या हाताखाली शिक्षण घेतले व १९४९ मध्ये वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात भारतातील पहिला मेंदूशल्यचिकित्सा विभाग सुरू केला. १९५२ मध्ये त्यांनी तेथे अपस्मारावरील देशातील पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्ण १९ वर्षांचा असून त्याला बालपणापासून अर्धांगवायू होता. झटका आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची प्रथा महाराष्ट्रासह देशभर रूढ असतानाचा हा काळ होता.

उत्तरायुष्य

१९५३ मध्ये पेनफील्ड यांना ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. निवृत्तीनंतर त्यांनी लेखन केले. मन हे मेंदूहून वेगळे असावे, हे त्यांचे उतारवयातील मत बहुतेक चेताशास्त्रज्ञांनी स्वीकारलेले नाही. मृत्यूच्या सुमारे तीन आठवडे आधी पूर्ण केलेले त्यांचे आत्मचरित्र १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले.